सायट्रेट सिंथेजचा आकडा रोज बदलतो: दोष कुठे आणि कसा शोधायचा

स्नायूचा तुकडा एकच, होमोजिनेट (बफरमध्ये घोटलेला तो तुकडा) एकच, काम करणारा हातही एकच. सोमवारी सायट्रेट सिंथेज या एन्झाइमची सक्रियता आली प्रति मिलिग्रॅम प्रथिन मिनिटाला २१० नॅनोमोल. बुधवारी ३४०. शुक्रवारी १६०. असं झालं की आपण आधी पिपेटवर संशय घेतो, मग रसायनांच्या बाटल्यांवर, मग स्वतःवर. मी तिन्ही करून पाहिलं आणि त्यात तीन आठवडे गेले. पिपेट तपासून घेतल्या, नव्या बाटल्या फोडल्या, प्रत्येक नमुना तीन-तीनदा लावला. आकडे हलायचे ते हलतच राहिले. यंत्र जो उतार काढून देत होतं तो मी इमानेइतबारे वहीत उतरवत होते, पण तो ज्या रेषेवरून काढला ती, म्हणजे द्रवाचं प्रकाश-शोषण (अ‍ॅब्सॉर्बन्स) वेळेबरोबर कसं वाढतं ते दाखवणारी रेषा, मी एकदाही नीट पाहिली नव्हती.

आता कुणी हीच तक्रार घेऊन आलं तर मी पहिल्यांदा रेषाच मागते. नव्वद टक्के उत्तर तिच्या पहिल्या तीन-चार मिनिटांत असतं असं माझं मत झालंय. हे टिपण सायट्रेट सिंथेजबद्दल असलं तरी रंग बदलून मोजल्या जाणाऱ्या बहुतेक एन्झाइमांना यातलं बरंच लागू पडेल.

मोजतो ते नेमकं काय

सायट्रेट सिंथेज हे क्रेब्स चक्राचं पहिलं पाऊल. मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा-केंद्रांच्या) मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आतल्या द्रवात, ते असेटिल-कोए आणि ऑक्झॅलोअसेटेट जोडून सायट्रेट बनवतं आणि कोएन्झाइम-ए मोकळं करतं. ऊतीत मायटोकॉन्ड्रिया किती, याचा अंदाज घ्यायला लोक ते मोजतात, आणि म्हणूनच त्याचा आकडा चुकला की त्यावर भागलेले बाकीचे सगळे आकडेही चुकतात.

मोकळ्या झालेल्या कोएन्झाइम-एच्या टोकाला थायोल (गंधक-हायड्रोजनचा गट) असतो. तो डीटीएनबी या रसायनाशी भिडला की टीएनबी हा पिवळा आयन सुटतो आणि ४१२ नॅनोमीटरवर त्याचा रंग वाचता येतो. डीटीएनबीचा हा उपयोग एलमन यांनी १९५९मध्ये मांडला. त्यावर बेतलेली स्रीअर यांची १९६९ची पद्धत आजही थोड्याफार फरकानं सगळीकडे चालते.

इथेच एक गोष्ट मनात पक्की बसवायला हवी. डीटीएनबीला कोएन्झाइम-ए ओळखता येत नाही, त्याला फक्त थायोल कळतो. मग तो ग्लुटाथायोन या पेशीतल्या लहान रेणूचा असो, प्रथिनातल्या सिस्टीनचा असो, नाहीतर प्रथिनं जपायला तुम्हीच बफरमध्ये घातलेल्या डीटीटीचा असो. पिवळा रंग सगळ्यांचा सारखाच येतो.

माझं मिश्रण असं असतं: एक मिलिलिटर क्युव्हेटमध्ये (यंत्रात ठेवायच्या पारदर्शक कुपीत) १०० मिलिमोलर ट्रिस बफर, पीएच ८.१, डिटर्जंट ट्रायटन एक्स-१०० ०.१ टक्का, डीटीएनबी ०.१ मिलिमोलर, असेटिल-कोए ०.३ मिलिमोलर, होमोजिनेट १० मायक्रोलिटर, आणि सगळ्यात शेवटी ऑक्झॅलोअसेटेट ०.५ मिलिमोलर. तापमान ३० अंश. पुढचे हिशेब याच प्रमाणांचे आहेत, तुमची वेगळी असतील तर त्याप्रमाणे बदलून घ्या.

आधी रेषा उघडा

निरोगी रेषा कशी दिसते ते सांगते. नमुना घातल्यावर लहानशी उडी येते, कारण त्यातले मोकळे थायोल लगेच रंग देतात. मग दोन-चार मिनिटांत रेषा जवळजवळ आडवी होते. ऑक्झॅलोअसेटेट घातलं की ती सरळ वर निघते, काही मिनिटं तशीच सरळ जाते आणि पुढे कधीतरी वाकते. उतार काढायचा तो फक्त त्या सरळ भागाचा, आणि त्यातून आधीच्या आडव्या भागाचा उतार वजा करायचा.

शेवटी एका संध्याकाळी मी तिन्ही दिवसांच्या रेषा एकाच पडद्यावर एकाखाली एक लावल्या. शेजारी बसलेली ज्युनियर पाच सेकंदांत म्हणाली, "ताई, बुधवारची तर आधीच चढतेय." खरंच चढत होती. बुधवारी घाईत मी नमुना घातल्यावर जेमतेम अर्धं मिनिट थांबून ऑक्झॅलोअसेटेट टाकलं होतं. त्या अर्ध्या मिनिटाचा तुकडा रेषेवर होता, आणि तो मिनिटाला साधारण ०.०३५च्या वेगानं वर जात होता. प्रथिनांतले थायोल अजून रंग देतच होते आणि मी ते सगळं एन्झाइमच्या खात्यावर लिहिलं होतं.

हिशेब करून पाहिला. क्युव्हेटमध्ये ०.०२ मिलिग्रॅम प्रथिन होतं. त्याला २१० नॅनोमोल म्हणजे मिनिटाला ४.२ नॅनोमोल टीएनबी, म्हणजे एक मिलिलिटरमध्ये ४.२ मायक्रोमोलर, त्याला टीएनबीच्या गुणांकानं (मिलिमोलरला १३.६) गुणलं की अ‍ॅब्सॉर्बन्समध्ये मिनिटाला ०.०५७ची वाढ. त्यात ०.०३५ मिळवले की ०.०९२, आणि तो उलटा फिरवला की आकडा येतो ३४०च्या जवळ. बुधवारचं कोडं सुटलं. तोच नमुना चार मिनिटं थांबून पुन्हा लावला तर २१५ आला.

शुक्रवारची रेषा वेगळी होती. ऑक्झॅलोअसेटेटआधी ती छान आडवी होती. त्यानंतर मात्र सरळ जायच्या ऐवजी हळूहळू वर वळत होती, म्हणजे वेग मिनिटागणिक वाढत होता. सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं ते) संपल्यावर वेग कमी होतो, वाढत नाही. वेग वाढतो तेव्हा क्युव्हेटमधलं काहीतरी अजून बदलत असतं, आणि बहुतेक वेळा ते तापमान असतं. बफर फ्रिजमधून काढून थेट वापरला होता. होल्डर ३० अंशावर होता, आतला द्रव नव्हता. दहा अंशांनी वेग दुप्पट होतो असं ढोबळ धरलं तर चार अंश कमी असताना वेग मूळच्या ७६ टक्के राहतो. २१०चे ७६ टक्के म्हणजे १६०.

तीन दिवस, तीन आकडे, आणि एन्झाइम तिन्ही दिवस तेवढंच.

ऑक्झॅलोअसेटेटच्या आधीची चढण

सगळ्यात जास्त त्रास इथून होतो, म्हणून इथे जरा थांबते. नमुना घातल्यावर रेषा आडवी होत नसेल, तर आधी ती कशी चढते ते बघा, कारण प्रत्येक कारणाची चाल वेगळी असते.

एकदम मोठी उडी आणि मग शांत, असं असेल तर लहान रेणूंचे थायोल आहेत. पहिला संशयित तुमचाच लायसिस (पेशी फोडायचा) बफर. त्यात १ मिलिमोलर डीटीटी असेल आणि तुम्ही १० मायक्रोलिटर नमुना १ मिलिलिटरमध्ये घातला, तर क्युव्हेटमध्ये डीटीटी १० मायक्रोमोलर होतो. डीटीटीच्या प्रत्येक रेणूला दोन थायोल, म्हणून टीएनबी सुटतो २० मायक्रोमोलर आणि अ‍ॅब्सॉर्बन्स चढतो ०.२७. उडी झाली, रेषा पुन्हा आडवी झाली, तर एवढ्यानं मोजमाप बिघडत नाही. पण बफरमध्ये डीटीटी १० मिलिमोलर असेल तर क्युव्हेटमध्ये तो १०० मायक्रोमोलर होतो आणि तुमचा सगळाच्या सगळा डीटीएनबी खाऊन टाकतो. मग क्युव्हेट गर्द पिवळा दिसतो आणि ऑक्झॅलोअसेटेट घातल्यावर रेषा हलत नाही. लोक म्हणतात एन्झाइम मेलं. एन्झाइम व्यवस्थित चालू असतं, फक्त ते दाखवणारा रंग शिल्लक नसतो.

मर्कॅप्टोइथेनॉलचंही हेच. वेस्टर्न ब्लॉटसाठी किंवा दुसऱ्याच कामासाठी बनवलेला बफर "आहेच तयार" म्हणून वापरला जातो आणि त्यात या दोन्हीपैकी एक बऱ्याचदा असतं. बाटलीवर फक्त "लायसिस बफर" लिहिलेलं असेल तर ती या कामाला घेऊ नका, नवीन बनवा. सायट्रेट सिंथेजला या संरक्षणाची गरज नसते. त्याशिवाय ते बर्फावर चांगलं तग धरतं.

नमुने आधीच डीटीटीमध्ये गोठवले असतील तर? प्रथिन भरपूर असेल तर पातळ करा. नाहीतर लहान रेणू मागे ठेवणाऱ्या छोट्या जेल-फिल्ट्रेशन कॉलममधून काढून घ्या, पण मग प्रथिनाचं मोजमाप कॉलमनंतरच्या द्रवावर करा, आधीच्या नव्हे. डीटीएनबी दुप्पट घालून भागवायचा मोह होतो. त्यानं रंग संपत नाही हे खरं, पण मुळात रंग इतका चढलेला असतो की डिटेक्टरच्या सरळ पट्ट्याबाहेर जायला वेळ लागत नाही. मी ते टाळते.

याच्या उलट एक फसवा प्रकार आहे. बफरमध्ये एन-इथाइलमॅलिमाइड किंवा आयोडोअसेटामाइड असेल तर रेषा अगदी आडवी, स्वच्छ, सुंदर दिसते, आणि ऑक्झॅलोअसेटेटनंतरही तशीच राहते. ही दोन्ही रसायनं थायोल दिसला की त्याला बांधून टाकतात. कोएन्झाइम-ए सुटतो, पण डीटीएनबीपर्यंत पोचत नाही. ग्लुटाथायोन मोजण्यासाठी जमवलेले नमुने नंतर एन्झाइमसाठी वापरले की हे होतं.

दुसरी चाल म्हणजे मंद, दहा-दहा मिनिटं न थांबणारी चढण. ती प्रथिनांच्या आत दडलेल्या थायोलची असू शकते. घडी हळूहळू उलगडते तसे ते उघडे पडतात आणि रंग देतात. यकृतात आणखी एक भर असते: असेटिल-कोएचं पाण्यानं विघटन करणारी एन्झाइमं. ऑक्झॅलोअसेटेट नसतानाही ती कोएन्झाइम-ए सोडत राहतात. दोन्हींतला फरक ओळखायला सोपा प्रयोग आहे. एका क्युव्हेटमध्ये नमुना आणि डीटीएनबी घाला, असेटिल-कोए घालू नका. चढण तशीच राहिली तर प्रथिनांचे थायोल; थांबली किंवा खूप मंदावली तर असेटिल-कोए तोडणारं काहीतरी आहे. दोन्ही बाबतींत उपाय एकच: असेटिल-कोए आधी घालून थांबा, चढणीचा उतार मोजा, मग ऑक्झॅलोअसेटेट घाला आणि तो उतार वजा करा.

एक ब्लँक (वजा करायचा, एन्झाइमचा नसलेला उतार) सगळ्यांना चालवू नका, हे मी हात जोडून सांगते. यकृताचा आधीचा उतार स्नायूला लागू होत नाही. उपचार दिलेल्या गटाचा उतार न दिलेल्या गटाला लागू होईलच असंही नाही, आणि तिथे तर दोन गटांतला फरकच खोटा निघू शकतो. प्रत्येक नमुन्याचा ब्लँक त्याच्याच क्युव्हेटमध्ये, त्याच्याच आधीच्या मिनिटांत असतो. तो फुकट मिळतो, फक्त थांबावं लागतं.

शुद्ध एन्झाइम पातळ करताना अल्ब्युमिन घालण्याची सवय असते. गाईच्या अल्ब्युमिनमध्ये एक मोकळा सिस्टीन असतो, त्यामुळे तिथेही लहानशी उडी दिसेल. घाबरू नका.

रंग आहे, पण टीएनबीचा नाही

ऊती नीट धुतली नसेल तर तिच्यात रक्त राहतं, आणि ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन सगळ्यात जोरात शोषतं ते ४१५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे नेमकं आपल्या खिडकीत. तो रंग स्थिर असतो, उतार बिघडवत नाही, पण सुरुवातच ०.८ किंवा १.० पासून होते आणि वर जायला जागा उरत नाही. थंड बफरमध्ये तुकडा धुऊन, टिपकागदावर टेकवून मगच वजन करा. स्नायूतलं मायोग्लोबिन धुऊन जात नाही. तिथे नमुना कमी घालणं एवढंच हातात असतं.

गढूळपणाची चाल तिरकी असते. तंतूंचे कण हळूहळू तळाशी बसतात आणि रेषा खाली उतरते, तीही सरळ नाही, थरथरत. ऑक्झॅलोअसेटेटआधी रेषा खाली जात असेल तर रसायनशास्त्रात शिरू नका, नमुना गाळणीतून किंवा हलक्या सेंट्रिफ्यूजमधून काढा.

पण सेंट्रिफ्यूज कधी करता, हे फार महत्त्वाचं आहे. ट्रायटन न घालता, न गोठवता, होमोजिनेट १०,००० जी (गुरुत्वाच्या १०,००० पट) वर फिरवलं तर मायटोकॉन्ड्रिया तळाला जातात आणि तुम्ही वरचं पाणी मोजत बसता. आकडा येतो, अगदी शून्य येत नाही, कारण काही मायटोकॉन्ड्रिया फुटलेले असतातच. म्हणून कुणाला शंका येत नाही. किती फुटले हे घोटताना दिलेल्या फेऱ्यांवर ठरतं, आणि मग एकाच प्राण्याचे दोन तुकडे दोन आकडे देतात. आधी डिटर्जंट, नाहीतर दोन-तीनदा गोठवून वितळवणं, आणि मगच सेंट्रिफ्यूज. शंका असेल तर तळाचा गाळ डिटर्जंटमध्ये कालवून मोजा. गाळात सक्रियता सापडली तर तुमची चोरी तिथे आहे.

मायटोकॉन्ड्रिया अखंड असले तर असेटिल-कोए आणि ऑक्झॅलोअसेटेट आत जाऊ शकत नाहीत आणि एन्झाइम जिवंत असूनही गप्प राहतं. क्युव्हेटमध्ये ट्रायटन घालायला विसरलात तर रेषा मंद निघते. मला एकदा ट्रायटनचा चिकट थेंब पिपेटच्या टोकात राहून गेल्यामुळे अर्धा दिवस फुकट घालवावा लागला. ट्रायटन थेट बाटलीतून ओढू नका, दहा टक्क्यांचं द्रावण करून ठेवा आणि तेच मोजा.

सरळ दिसणारी पण खोटी रेषा

काही वेळा रेषा सगळ्या बाजूंनी चांगली दिसते आणि तरी आकडा चूक असतो. त्यासाठी माझ्याकडे एकच कसोटी आहे, आणि मी ती प्रत्येक नव्या ऊतीला लावते: नमुना अर्धा करा. १० मायक्रोलिटरला मिनिटाला ०.०६ आलं तर ५ मायक्रोलिटरला ०.०३ यायला हवं.

अर्ध्याला अर्ध्यापेक्षा जास्त आलं, तर जास्त नमुन्यात काहीतरी वेग दाबत होतं. कधी ते साधं असतं: पहिल्या काही सेकंदांतच सरळ भाग संपून जातो आणि तुम्ही वाकलेल्या भागाचा उतार काढता. आपल्या प्रमाणांत डीटीएनबी ०.१ मिलिमोलर आहे, म्हणजे रेषा १.३ ते १.४च्या आसपास वाकायला लागणारच. तुमच्या सगळ्या रेषा एकाच उंचीवर वाकत असतील, मग नमुना कोणताही असो, तर ती उंची एन्झाइमची नाही, बाटलीतल्या रंगाची आहे. नमुना कमी करा. मिनिटाला ०.०२ ते ०.१ या पट्ट्यात माझी रेषा सगळ्यात विश्वासू असते.

कधी मात्र खरंच अडथळा असतो. सायट्रेट हे या एन्झाइमचं उत्पादन, आणि ते ऑक्झॅलोअसेटेटच्या जागी बसून एन्झाइमला अडवतं. रक्ताच्या पेशी सायट्रेटच्या नळीत घेतल्या असतील आणि नीट धुतल्या नसतील तर हा सायट्रेट थेट क्युव्हेटमध्ये येतो. एटीपी असेटिल-कोएशी स्पर्धा करतं. लांब साखळीच्या फॅटी अ‍ॅसिडचे कोए-एस्टरही वेग दाबतात. नमुना पातळ केला की हे सगळे मागे पडतात, म्हणून अर्ध्याची कसोटी इतकी उपयोगी पडते.

अर्ध्याला अर्ध्यापेक्षा कमी आलं तर बहुतेक वेळा तुमचा ब्लँक गरजेपेक्षा जास्त वजा झालेला असतो, किंवा पातळ करताना अल्ब्युमिन नसल्यानं एन्झाइम नळीच्या भिंतीला चिकटलेलं असतं.

बाटल्या

ऑक्झॅलोअसेटेट पाण्यात टिकत नाही. कार्बन डायऑक्साइड सोडून ते आपोआप पायरुव्हेट होतं, आणि गरम असेल तितकं लवकर होतं. रोज सकाळी नवं बनवा: १० मिलिमोलरसाठी मिलिलिटरला १.३२ मिलिग्रॅम, आणि बर्फावर ठेवा. एन्झाइमला ते फार कमी प्रमाणातही पुरतं, त्यामुळे थोडं खराब झालेलं चटकन कळत नाही. कळतं ते एकदम: रेषा चांगली निघते आणि मिनिटभरात आडवी पडते, तीही १.३च्या कितीतरी आधी. तिथे आणखी थोडं ताजं ऑक्झॅलोअसेटेट घाला. रेषा पुन्हा उठली तर गुन्हेगार सापडला.

असेटिल-कोएचीही तीच परीक्षा. ते महाग असतं, म्हणून लोक एकच नळी दहादा वितळवतात. लहान भाग करून उणे ८० अंशावर ठेवा आणि अल्कलीत विरघळवू नका, तिथे ते तुटतं. तुटलेलं असेटिल-कोए ओळखायला सोपं आहे: नमुना न घालता नुसतं डीटीएनबीत टाकलं तरी पिवळं होतं, कारण मोकळा कोएन्झाइम-ए आधीच आत असतो.

डीटीएनबी उजेडापासून जपा. बाटलीतलं द्रावणच पिवळं दिसायला लागलं की टाकून द्या.

ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर घसरतो, अंशाला साधारण ०.०३. पंचवीस अंशावर ८.१ लावलेला बफर सदतीस अंशावर ७.७५च्या आसपास असतो. ज्या तापमानाला मोजणार त्याच तापमानाला पीएच लावा.

रंगाची बाजू ठीक आहे की नाही हे एन्झाइमशिवाय तपासता येतं. ताज्या सिस्टीनचं द्रावण घेऊन क्युव्हेटमध्ये २५ मायक्रोमोलर होईल इतकं घाला. ०.३४ ते ०.३५ची उडी यायला हवी. ती आली तर डीटीएनबी, तरंगलांबी आणि यंत्र तिन्ही निर्दोष. मग डुकराच्या हृदयातलं शुद्ध सायट्रेट सिंथेज घालून बघा. ते बाजारात मिळतं. तेही चाललं तर सबस्ट्रेट निर्दोष, आणि दोष उरतो फक्त नमुन्यात. या दोन परीक्षांना दहा मिनिटं लागतात. माझे तीन आठवडे यातच वाचले असते.

प्लेटवर गेलात की

क्युव्हेटमध्ये प्रकाशाची वाट एक सेंटिमीटर असते. शहाण्णव खाचांच्या प्लेटमध्ये २०० मायक्रोलिटर घातले तर ती ०.५ ते ०.६ सेंटिमीटर भरते. सूत्रात १ तसाच राहिला तर आकडा जवळजवळ अर्धा होतो. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा मी आधी हेच विचारते. वाट मोजायची असेल तर पाण्याचं शोषण वापरा: ९७७ आणि ९०० नॅनोमीटरवरच्या वाचनांतला फरक ०.१८ने भागला की वाट सेंटिमीटरमध्ये मिळते. ट्रायटनमुळे द्रवाची पृष्ठरेषा वाकते, म्हणून ही मोजणी नुसत्या पाण्यावर न करता तुमच्याच मिश्रणावर करा.

टीएनबीचा गुणांक कुणी १३.६ धरतं, कुणी १४.१५, दोन्ही प्रति मिलिमोलर प्रति सेंटिमीटर. पहिला जुना, दुसरा नंतर सुधारलेला. फरक चार टक्क्यांचा आहे, पण तो अभ्यासाच्या मध्यावर बदललात तर चार टक्के कुठून आले ते शोधत बसाल. एक धरा आणि लिहून ठेवा.

प्लेटमध्ये शहाण्णव ठिकाणी ऑक्झॅलोअसेटेट हातानं घालायला वेळ लागतो. पहिली खाच दीड मिनिट पुढे असते, शेवटची नुकतीच सुरू झालेली. यंत्राला डिस्पेन्सर नसेल तर एका वेळी दोनच ओळी लावा. बुडबुडे दिसले तर सुईनं फोडा, त्या खाचेचं वाचन नंतर दुरुस्त होत नाही.

भागाकार ज्यानं करता ते

वरचा आकडा बरोबर आणि खालचा चूक असला तरी उत्तर चूकच. प्रथिन मोजायच्या दोन नेहमीच्या पद्धतींपैकी ब्रॅडफर्डला ट्रायटन चालत नाही, बीसीएला डीटीटी चालत नाही. होमोजिनेटमध्ये दोन्ही असतील तर यांपैकी कोणतंच मोजमाप नीट होणार नाही, हे आणखी एक कारण डीटीटी टाळण्याचं. मी बीसीए वापरते, आणि प्रमाण रेषेतल्या प्रत्येक नळीत नमुन्याइतकाच बफर घालते.

आधीच जमा झालेल्या आकड्यांचं काय

हा प्रश्न सगळ्यात शेवटी, दबक्या आवाजात विचारला जातो. कच्च्या रेषा साठवलेल्या असतील तर बरंच परत मिळतं. ब्लँक नीट वजा न झालेले नमुने आधीच्या तुकड्यावरून पुन्हा काढता येतात, तो तुकडा निदान मिनिटभराचा असेल तर. वाकलेल्या रेषांचा सुरुवातीचा सरळ भाग निवडून उतार पुन्हा काढता येतो. प्लेटची वाट विसरली असेल तर तीही आता मोजून सगळ्यांना एकसारखी लावता येते.

थंड बफरमुळे बिघडलेले दिवस मी दुरुस्त करत नाही, कारण नेमके किती अंश होते ते नंतर कळत नाही. रेषा शेवटी सरळ झालेली असेल तर तो शेवटचा भाग घेते, नाहीतर नमुना पुन्हा लावते. डीटीटीनं रंग खाल्लेले आणि न फोडता सेंट्रिफ्यूज केलेले नमुने मात्र आकड्यांतून वाचवता येत नाहीत. पहिल्यांसाठी उणे ८०मधली नळी पुन्हा काढावी लागते. दुसऱ्यांसाठी तळाचा गाळ ठेवला असेल तर तो.